जनावरांचे डोळे आलेत: मलम, अंगावर इंजेक्शन की डोळ्यातच सुई?

आधी एका वासराच्या डोळ्यातून पाणी गळतं, मग शेजारच्याच्या, आणि दोघंही उन्हात डोळा घट्ट मिटून मान खाली घालून उभी राहतात, तेव्हा बहुतेक वेळा मोरॅक्सेला बोव्हिस नावाचा जिवाणू आलेला असतो. माशा तो एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर नेतात, आणि कडक ऊन, धूळ, वाळक्या गवताची टोकं यांनी बुबुळ आधीच दुखावलेलं असलं की त्याचं काम सोपं होतं. आता औषध कुठलं घ्यायचं? माझं मत विचाराल तर "सगळ्यात भारी कुठलं" हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण हा जिवाणू नेहमीच्या बऱ्याचशा अँटिबायोटिकना दबतो. खरा हिशोब दोनच गोष्टींचा: ते जनावर तुमच्या हाताला किती वेळा लागणार, आणि ते दुधात आहे का.

पण सुई भरायच्या आधी डोळा नीट उघडून बघा. या रोगात पांढरा ठिपका साधारण बुबुळाच्या मधोमध पडतो. पांढरेपणा कडेकडून आत येतोय, ताप आहे, नाक वाहतंय, तर ते आयबीआर म्हणजे व्हायरसचं असू शकतं आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. आणि एकच डोळा, एकच जनावर असेल तर पापणीखाली कुसळ अडकलंय का ते पहिलं बघायचं, कुसळ आत तसंच ठेवून कितीही औषध घाला, उपयोग शून्य.

मलमाचा फायदा उघड आहे, औषध थेट जिथे हवं तिथेच जातं आणि लागतंही थोडंसं. गोठ्यात बांधलेली, अंगाला हात लावू देणारी गाय असेल तर मी आधी मलमच म्हणेन. डोकं दोरीने एका बाजूला ओढून बांधायचं, खालची पापणी अंगठ्याने ओढली की खोबणी होते तिच्यात मलमाची रेघ सोडायची, ट्यूबचं टोक डोळ्याला टेकवायचं नाही (टेकलं तर तीच ट्यूब पुढच्या जनावराला रोग देणार), मग पापणी मिटून हलकं चोळायचं. अडचण अशी की डोळा आधीच गळतोय, त्यामुळे साधं टेट्रासायक्लिन मलम अश्रूंबरोबर वाहून जातं आणि दिवसातून तीन-चार वेळा लावावं लागतं, जे खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवसानंतर कोणी करत नाही. बेन्झाथिन क्लोक्झासिलिनचं डोळ्याचं मलम जास्त टिकतं, ते मिळत असेल तर सोपं पडतं. सडात सोडायची मस्टायटिसची (कासदाहाची) ट्यूब मात्र डोळ्यात पिळू नका, ती डोळ्यासाठी बनवलेलीच नाही.

चरायला मोकळी सोडलेली जनावरं असतील, किंवा एकदम पाच-सहा जणांना झालं असेल, तर मलम विसरा. तिथे लाँग अॅक्टिंग (अंगात जास्त वेळ टिकणारं) ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन, वजनाच्या किलोला 20 मिलीग्रॅम, आणि 48 ते 72 तासांनी दुसरा डोस. हे अंगावर दिलं तरी अश्रूंमधून डोळ्यात उतरतं, म्हणून चालतं. शिवाय जिवाणू नाकाच्या पाण्यातही असतो, तिथपर्यंत मलम पोचत नाही, इंजेक्शन पोचतं. तोटा म्हणजे औषध भरपूर लागतं: मिलीला 200 मिलीग्रॅम असलेल्या बाटलीतून 300 किलोच्या जनावराला 30 मिली, ते एका जागी मारायचं नाही, तीन जागी वाटून द्यायचं, तरी गाठ येते आणि जनावर पुढच्या वेळी तुम्हाला बघूनच पळतं. दुसरं इंजेक्शन ट्युलाथ्रोमायसिनचं, किलोला अडीच मिलीग्रॅम कातडीखाली एकदाच, तेच जनावर साडेसात मिलीत उरकतं, परत पकडायला नको. पण ते महाग औषध आहे आणि दुधातल्या गायीला चालत नाही, तिथे विषय संपला. ऑक्सिटेट्रासायक्लिनलाही लेबलवरचे दिवस दूध फेकावं लागतंच, ते आधीच विचारून घ्या.

तिसरा मार्ग डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्याखाली पेनिसिलिन टोचायचा. औषध कमी लागतं, पण असर एक-दोन दिवसच, आणि डोकं जरा हललं तर सुई डोळ्यात. सवयीच्या डॉक्टरने दिलं तर ठीक, घरच्या घरी अजिबात नको. बऱ्याच ठिकाणी त्यात स्टेरॉइड मिसळतात, मला ते पटत नाही. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइडने सूज दिसायला कमी होते पण जखम भरायची थांबते, अगदी डोळा फुटण्यापर्यंत जाऊ शकतं. डोळ्यात औषधाची पावडर फुंकणं तर त्याहून वाईट, दुखऱ्या डोळ्यात खरखर.

कुठलंही निवडा, लवकर द्या, डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या आणि आजारी जनावर सावलीत वेगळं बांधा. माशांचा बंदोबस्त केला नाही तर एक बरं होईपर्यंत दुसरं तयार. एका जनावराचा डोळा हाताळून झाला की हातमोजे बदलायचे, कारण माशीचं काम आपले हातही करतात.

आणि आठ-दहा दिवसांनी डोळा अजून पांढराच आहे, कडेने लालसर रेषा आत यायला लागल्यात म्हणून परत बाटली काढू नका. त्या रक्तवाहिन्या जखम भरायला आलेल्या असतात, पूर्ण निवळायला काही आठवडे जातात, आणि खोल जखम असेल तर थोडं फूल कायमचं राहतं. परत डॉक्टरांना बोलवायचं ते पाणी गळणं थांबलंच नाही, डोळा उघडतच नाही, किंवा बुबुळ मधोमध टोकासारखं पुढे आलंय तेव्हा.