जुन्या ब्रेक डिस्कला रंग लावून नव्या म्हणून गळ्यात मारल्या, वाचा आणि सावध राहा

परवा पोलीस स्टेशनमधून परत येतानाच ठरवलं की हे लिहायचं. लाज वाटतेय, कारण आमच्या सोसायटीत गाडीचं काही निघालं की लोक मला विचारायला येतात, आणि फसलो मीच.

गाडी पोलो जीटी टीएसआय, २०१७ची. ईस्टर्न एक्स्प्रेसवर ऐंशीच्या पुढे ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायचं. मेकॅनिक म्हणाला पुढच्या दोन्ही डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या ज्यांना ब्रेकचे पॅड आवळून धरतात, गेल्या, बदला. साध्या व्हेंटिलेटेड, म्हणजे आतून हवा खेळणाऱ्या, डिस्क घेतल्या असत्या तर विषय तिथेच संपला असता, पण मला ड्रिल्ड-स्लॉटेड हव्या होत्या, भोकं आणि खाचावाल्या. गाडी पळते तशी थांबायलाही हवी ना, यात माझं काय चुकलं? हौस असते माणसाला, आणि पैसे माझ्या कष्टाचे होते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या पार्टच्या बाजारात, एक दुकान सापडलं. दुकानाचं नाव टाकत नाही, तक्रार करायचीय. आधी व्हॉट्सअॅपवर खोक्याचा फोटो, खाली "ब्रँड न्यू, इम्पोर्टेड आहे साहेब". जोडीचे १५,३०० सांगितले, मग म्हणाला जुन्या डिस्क इथेच सोडा, ५०० कमी करतो. म्हणजे १४,८००. पॅड ४,२००, फिटिंग १,५००. पक्कं बिल मागितलं तर म्हणे डिस्कवर १८ टक्के जीएसटी लागेल, २,६६४ वर जातील, कशाला साहेब. मी गप्प बसलो. ते २,६६४ वाचवले आणि हातातला एकमेव पुरावा घालवला.

आता तो क्षण, जो रोज रात्री डोळ्यासमोर येतो. डिस्क हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला, तर अंगठ्याला चंदेरी रंग लागला. ओला. डिस्कवर बारीक अक्षरात "मिन टीएच" आणि पुढे मिलिमीटरचा आकडा कोरलेला असतो, किती झिजेपर्यंत वापरायची तो. इथे अक्षरं दिसत होती पण आकडा रंगाने बुजलेला. मी नखाने खरवडलंसुद्धा! तेवढ्यात तो म्हणाला, "अँटी-रस्ट कोटिंग आहे साहेब, नवा माल असाच येतो." आणि मी रुमालाला अंगठा पुसला. नव्या डिस्कवर तेल किंवा कोटिंग असतंच, हे मला माहीत होतं, म्हणूनच पटलं. अगदीच काही माहीत नसतं तर कदाचित जास्त प्रश्न विचारले असते. तेल पुसलं जातं, कोटिंग सुकलेलं असतं, ओला ऑइलपेंट फक्त आदल्या दिवशी रंगवलेल्या वस्तूला असतो, एवढं साधं तिथे सुचलं नाही.

१९ दिवसांनी पुण्याहून येताना खंडाळ्याचा घाट उतरत होतो, मागे आई. अमृतांजन पुलाच्या जागेच्या पुढे ब्रेक दाबला तर अख्खी गाडी हादरायला लागली, करपल्याचा वास, पॅडल खाली खाली जातंय. आई एवढंच म्हणाली, "हळू घे रे." कशीबशी बाजूला घेतली. टोइंगचे ३,५००.

सोसायटीतले एक काका टूलरूममधून रिटायर झालेत. त्यांनी व्हर्नियर, म्हणजे जाडी मोजायचं साधन, लावला, १८.६ मिलिमीटर. ही डिस्क नवी असताना २२ असते आणि १९च्या खाली गेली की फेकायची! म्हणजे कोणाची तरी झिजलेली डिस्क लेथवर घासली, ड्रिल मशीनने भोकं पाडली आणि रंगवली. काकांनी भोकात टॉर्च मारून दाखवलं, आतल्या हवेच्या पाकळ्या अर्ध्या कापल्या गेलेल्या, भोकांच्या कडा धारदार, आणि दोन भोकांमध्ये तडा. पातळ डिस्कला उष्णता झेपत नाही, त्यात पाकळ्या कापलेल्या, घाटात दुसरं काय होणार?

व्हर्नियर ५००च्या आत मिळतो, घ्या आणि दुकानात घेऊन जा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

पोलीस स्टेशनला दोन तास बाकावर बसलो. मग ऐकलं, "अहो ही सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक कोर्टात जा." मी म्हटलं जुना माल नवा म्हणून विकणं ही फसवणूकच ना, पूर्वीचं ४२०, आता भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) ३१८, तर म्हणे कायदा आम्हाला शिकवू नका, खोकं नकली आहे म्हणता तर कंपनीचा माणूस आणा, बिल दाखवा, आणि ब्रेक घाटात फेल झाला ना मग तिकडच्या हद्दीत जा, आता मी कंपनीचा माणूस कुठून पकडून आणू आणि खंडाळ्याचे पोलीस मुंबईतल्या दुकानाचं काय करणार, उद्या ब्रेक लागला नसता तर पंचनाम्याला मात्र सगळे हजर झाले असते. अर्जावर शिक्कासुद्धा तिसऱ्या फेरीला मिळाला. दुकानदार तर सरळ म्हणतो हा माल आमचा नाहीच. माझ्याकडे काय आहे, ५,००० अॅडव्हान्सचं यूपीआय, तेही कुठल्यातरी पर्सनल नावावर, आणि तो व्हॉट्सअॅप मेसेज. बाकी कॅश.

ग्राहक आयोगात ई-जागृती या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत २ वर्षं. मी भरतोय. चॅट डिलीट करू नका, डिस्क फेकू नका, माझ्या दोन्ही पोत्यात बांधून ठेवल्यात. बाजारात चांगले दुकानदारही आहेत, पण जो पक्कं बिल टाळतो त्याच्याकडून ब्रेकचा पार्ट घेऊ नका, सीटकव्हर घ्या हवं तर. आणि रोजच्या रस्त्याला साधी व्हेंटिलेटेड डिस्क पुरते, आता तीच बसवली, पॅडसकट १३,१५०. एकूण ३७,१५० गेले.

सगळ्यात जास्त राग त्या ५०० रुपयांचा येतो. माझ्या जुन्या डिस्क मी स्वतः त्याच्या हातात दिल्या, आता त्याही लेथवर चढणार. उजवी डिस्क गंजून हबला, म्हणजे ती बसते त्या चाकाच्या मधल्या भागाला, चिकटली होती, काढताना मेकॅनिकने छिन्नी मारली, बाहेरच्या कडेवर बोटाच्या पेराएवढा तिरका घाव आहे, रंग लावला तरी बोटाला लागेल. अशी डिस्क कोणी नवी म्हणून दाखवली तर ती माझी आहे, घेऊ नका, फोटो काढून मला पाठवा.