लिथियमची गोळी: औषध खणखणीत, रक्ताची नळी मात्र तपासून घ्या

बायपोलरवर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या मानसिक आजारावर, लिथियमला आजही तोड नाही. १९४९मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांना दिलेला हा साधा क्षार उन्माद आणि नैराश्य दोन्हींच्या फेऱ्या आवरतो, आत्महत्येचा धोकाही कमी करतो. मेडिकलमध्ये ३०० मिग्रॅची साधी गोळी मिळते आणि ४०० मिग्रॅची सावकाश विरघळणारी, म्हणजे एसआर. एसआर रात्री एकदाच घेतली तरी भागतं, म्हणून तीच सोयीची. पण चावू किंवा कुटू नये. एसआर संपली म्हणून दुकानदार साधी देऊन "एकच आहे" म्हणाला तर घेऊ नका. दोन्हींनी रक्तातली पातळी सारखी राहत नाही.

खरी गडबड तपासणीत होते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यायचं: रात्री ९ला गोळी, सकाळी ९ला रक्त. कलेक्शनवाला ७लाच आला तर आकडा जास्त दिसतो, दुपारी आला तर कमी. नळी लाल किंवा पिवळ्या बुचाची हवी. हिरव्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून बऱ्याचदा लिथियम हेपरिनच असतं, म्हणजे रिपोर्टमध्ये नळीतलं लिथियमही मोजलं जातं! दापोली-गुहागरकडून नमुना शहरात जाणार असेल तर सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) आधी वेगळं करतात का, हे विचारा. देखभालीसाठी साधारण ०.६ ते ०.८ मिलीमोल प्रति लिटर पातळी पुरते, १.५च्या वर विषबाधेचा धोका. डोस बदलला की ५ ते ७ दिवसांनी पुन्हा तपासणी, आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), टीएसएच (थायरॉईडसाठी), कॅल्शियम.

२०२५मध्ये १,५८,०३६ रुग्णांच्या अभ्यासातून बायपोलरशी जोडलेल्या २९८ जनुकीय जागा सापडल्या. काम मोठं आहे, पण त्यावरून कोणाला कुठली गोळी लागू पडेल हे आज सांगता येत नाही. त्या नावाखाली महागडी जनुक चाचणी कोणी विकत असेल तर पैसे वाचवा.

कोकणच्या हवेत मात्र ही गोळी जपून वापरावी लागते. मूत्रपिंड लिथियमला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. मे महिन्यात आंबा काढताना घाम गाळला, मीठ-पाणी कमी पडलं, की मूत्रपिंड सोडियमबरोबर लिथियमही धरून ठेवतं आणि पातळी चढते. म्हणून पेजेतलं मीठ रोजच्याइतकंच ठेवा, एकदम तोडू नका. भातलावणीत कंबर धरली तर आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, पॅरासिटामॉल चालतं. बीपीची टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा लघवी वाढवणारी गोळी सुरू होणार असेल तर मनोविकारतज्ज्ञांना आधी कळवा.

चहाची बशी धरताना बोटं बारीक थरथरणं पुष्कळांना होतं. पण हात जाडसर थरथरायला लागले, तोल गेला, शब्द अडखळले, उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठून पातळी काढायला सांगा. सगळ्या औषधांची पाकिटं सोबत न्या, डोकेदुखीचीसुद्धा.