ब्रेस्ट कॅन्सरचं निदान झाल्यावर मिळालेली सोबतीण: एका सेवेचा सविस्तर अनुभव

ज्यांच्या हातात नुकताच बायोप्सीचा रिपोर्ट पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. ही सेवा ब्रेस्ट कॅन्सरमधून गेलेल्या बायकाच चालवतात आणि तिचे दोन भाग आहेत. एक, फोनवर जोडून दिलेली सोबतीण, म्हणजे याच आजाराचे उपचार पूर्ण केलेली प्रशिक्षित स्वयंसेविका. दुसरा, दर पंधरवड्याला भरणारी गटाची बैठक. पैसे कशाचेच घेत नाहीत. पहिला भाग मी कुणालाही बिनदिक्कत सुचवेन. दुसऱ्याबद्दल मला बरंच सांगायचंय.

निदान कळल्यावर धीर देणारी माणसं मला भरपूर होती. नवरा, बहीण, ऑफिसातले सहकारी, सगळे मनापासून सांगत होते की तू खंबीर आहेस, यातून बाहेर पडशील. त्यांचं प्रेम मला कळत होतं. पण माझ्या डोक्यात जे प्रश्न रात्रभर फिरत होते त्यांची उत्तरं त्यांच्यापाशी नव्हती. केमोच्या दिवशी गाडी चालवून परत येता येतं का? गाठ अजून आत असताना आधी केमो का देतायत? मुलीला कधी सांगायचं, केस जायच्या आधी की नंतर? डॉक्टरांना विचारायला जावं तर समोर बसल्यावर अर्धे प्रश्न विसरायला होतं. ज्या बाईने हे सगळं स्वतः केलंय आणि जी आज फोनवर नीट बोलतेय, तिच्याकडून मला पुढच्या आठवड्याबद्दल ऐकायचं होतं. या सेवेने नेमकं तेच दिलं.

सुरुवात एका नोंदणीच्या फोनने होते. तो फोन समन्वयक घेतात, सोबतीण नाही. मला वाटलं होतं नाव, वय, नंबर विचारतील आणि कुणाला तरी जोडून देतील. पण त्यांनी रिपोर्ट समोर घ्यायला सांगितला. ईआर आणि पीआर (गाठ हार्मोनवर वाढणारी आहे का ते सांगणाऱ्या तपासण्या) काय आहे, हर-टू (गाठ वेगाने वाढवू शकणारं एक प्रथिन) किती लिहिलंय, ऑपरेशन आधी ठरलंय की केमो, मुलं किती मोठी आहेत, नोकरी चालू ठेवायची आहे का, घरी कुणाकुणाला सांगितलंय, एवढं सगळं शांतपणे विचारलं. माझ्या रिपोर्टात हर-टू २+ होता. २+ आला की त्यावरून हो किंवा नाही ठरत नाही, फिश नावाची पुढची तपासणी करावी लागते, आणि तिचा निकाल यायचा होता. त्या म्हणाल्या, "ताई, कायमची सोबतीण आपण तो निकाल आल्यावर ठरवू. हर-टू पॉझिटिव्ह निघाला तर त्याची वेगळी इंजेक्शनं साधारण वर्षभर चालतात. त्या वाटेने गेलेलीच बाई तुम्हाला हवी. तोपर्यंत वाट बघण्याच्या दिवसांत बोलायला मी आहे." ही जोडी लावण्यात घेतलेली काळजी हेच या सेवेचं खरं बळ आहे असं माझं मत झालंय. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या बाईला हार्मोनच्या गोळ्यांचे अनुभव सांगून काय उपयोग? आणि ज्यांना रोज एक गोळी पाच किंवा दहा वर्षं घ्यायची आहे, त्यांचे प्रश्न पुन्हा निराळे.

फिशचा निकाल पॉझिटिव्ह आला. मग जी सोबतीण मिळाली, ती माझ्याहून थोडी मोठी, उपचार संपून काही वर्षं झालेली, आणि तिलाही केमो आधी आणि ऑपरेशन नंतर असाच क्रम दिलेला. मी त्यांना ताई म्हणते, इथेही तसंच लिहिते. पहिल्या फोनवर मी रिपोर्टातल्या 'ग्रेड ३' या शब्दावर अडकले होते. तीन म्हणजे जवळजवळ शेवट, असं मी धरून बसले होते. ताईंनी सांगितलं की ग्रेड आणि स्टेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रेड एक ते तीनच असते, पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात ते ती सांगते. आजार किती पसरलाय ते स्टेज सांगते. एवढं सांगून त्या थांबल्या. "तुमच्या बाबतीत याचा अर्थ काय, ते मात्र तुमच्या ऑन्कोलॉजिस्टलाच विचारायचं. मी सांगणार नाही." हे वाक्य पुढे मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकलं, आणि दरवेळी माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

गाठ आत ठेवून केमो का, हा माझा सगळ्यात मोठा घोर होता. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, पण तेव्हा मला काही ऐकूच येत नव्हतं. ताईंनी स्वतःचं सांगितलं. केमो चालू असताना गाठ हाताला कमी लागायला लागली तेव्हा औषध काम करतंय हे त्यांना स्वतःला जाणवलं होतं, आणि गाठ आक्रसल्यामुळे पूर्ण स्तन न काढता ऑपरेशन झालं. "प्रत्येकीचं असंच होतं असं नाही," हेही लगेच जोडलं. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले तेव्हा माझ्या कागदावर ताईंच्या मदतीने नीट मांडलेले प्रश्न होते आणि शेजारी नवरा उत्तरं लिहून घेत होता. त्या भेटीत मी पहिल्यांदा सगळं ऐकलं.

आता त्या बारीकसारीक गोष्टी, ज्या कुठल्याही पत्रकात एवढ्या नेमक्या सापडत नाहीत. केमोतलं ते लाल रंगाचं औषध घेतल्यावर दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नसतं. हे आधी माहीत नसतं तर मी त्या रात्री घाबरून घर डोक्यावर घेतलं असतं. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस गळायला लागतात आणि त्याआधी डोक्याची त्वचा दुखरी होऊ शकते, उशीवर डोकं टेकवत नाही. ताईंनी केस आधीच बारीक कापून घेतले होते, मीही तेच केलं. पुढच्या औषधात बोटांची टोकं बधिर व्हायला लागली तर "सहन करते" म्हणून गप्प बसू नका, शर्टाची बटणं लावताना बोटं चुकायला लागली की लगेच डॉक्टरांना सांगा. हर-टूच्या इंजेक्शनांच्या काळात मधूनमधून हृदयाची इको तपासणी करतात, ती बघून हृदयालाही काही झालंय की काय असं वाटून घेऊ नका.

आणि तापाबद्दल. इथे ताईंचा आवाज एकदम कडक झाला. "१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. थर्मामीटरवर हा आकडा दिसला की मला फोन करायचा नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा आणि ते सांगतील तसं निघायचं. सकाळ होऊ दे म्हणायचं नाही." केमोत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असताना ताप येणं ही तातडीची बाब असते. आपली मदत कुठे संपते हे सोबतिणीला इतकं स्पष्ट ठाऊक असणं फार मोलाचं आहे. कुठल्याही सेवेची पारख करायची असेल तर मी हीच गोष्ट आधी बघेन.

ऑपरेशननंतरच्या ड्रेनचं, म्हणजे जखमेत साठणारं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीचंही ताईंनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. नळीची ती बाटली लोंबकळत ठेवली की टाक्यांवर ओढ बसते. त्यांनी समोरून उघडणाऱ्या सैल शर्टाला आतून खिसा शिवून घेतला होता, तो शर्ट अजून जपून ठेवलेला. खिशात बाटली कशी ठेवायची, रोज ठरलेल्या वेळी किती मिलिलिटर जमलं ते कसं लिहायचं, काखेत छोटी मऊ उशी कशी धरायची, सगळं करून दाखवलं. नर्सनेही सांगितलं होतंच. पण स्वतःच्या अंगावर ते बाळगलेल्या माणसाने दाखवलं की हात आपोआप तसा वळतो.

ही कल्पना काही आजची नाही. १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरीज लॅसर यांची मॅस्टेक्टॉमी, म्हणजे स्तन काढण्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर हात कसा हलवायचा, कपडे कसे घालायचे, हे सांगणारं त्यांना कुणी मिळालं नाही, म्हणून त्या स्वतःच इतर रुग्ण बायकांना भेटायला जाऊ लागल्या. बऱ्याच डॉक्टरांना तेव्हा ते पसंत नव्हतं. त्यांनी सुरू केलेलं 'रीच टू रिकव्हरी' हे काम १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपल्या छत्राखाली घेतलं. यातून गेलेलीनेच नव्या रुग्णाला भेटायचं, हा त्यातला मूळ विचार. माझी सोबतीण त्याच विचारातून आलेली आहे.

आता गटाच्या बैठकीबद्दल.

बैठक चालवणारी समुपदेशक उत्तम आहे. एका बाईंनी केमो सोडून अमुक चूर्णाने बरं झालेल्या कुणाची गोष्ट सुरू केली, तेव्हा तिने त्यांचा मान राखून, पण तिथल्या तिथे ते थांबवलं आणि कुठलंही जादा औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको हे सगळ्यांना बजावलं. पण नव्याने निदान झालेल्या आणि आजार हाडांत किंवा यकृतात पसरलेल्या, अशा सगळ्याजणी एकाच वर्तुळात बसतात, हे मला पटलं नाही. माझ्या पहिल्याच बैठकीत एक जण कित्येक वर्षांनी आजार परत आल्याचं सांगत होती. ती बोलताना मध्येच माझ्याकडे बघून थांबली आणि तिने विषय बदलला. मला पुढचे काही दिवस झोप लागली नाही ते सोडा, मला वाईट याचं वाटलं की मी समोर आहे म्हणून तिला स्वतःचं दुःख गिळावं लागलं. तिला मोकळेपणी बोलायला तिचा वेगळा गट मिळायलाच हवा. मी तसं लेखी कळवलंय. त्यावर विचार चालू आहे असं उत्तर आलंय, वेगळी बैठक मात्र अजून सुरू झालेली नाही.

दुसरी तक्रार त्यांच्या पत्रकाची. त्यात 'गटात येणाऱ्या रुग्ण जास्त जगतात' असं एक वाक्य आहे. आकडे पडताळणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे मी ते शोधून वाचलं. डेव्हिड स्पीगल यांचा १९८९ चा अभ्यास तसं सांगत होता हे खरं. त्यात आजार पसरलेल्या ८६ जणी होत्या. पण पुढे २००१ साली पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी २३५ जणींवर तोच प्रकार तपासला, तेव्हा आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाची अवस्था आणि वेदना मात्र सुधारल्या, विशेषतः ज्या आधी जास्त खचलेल्या होत्या त्यांच्या. २००७ साली स्पीगल यांच्याच नव्या अभ्यासातही एकूण गटाचं आयुष्य वाढलेलं आढळलं नाही. मग हे वाक्य पत्रकात कशाला? जिला केमोच्या थकव्याने बैठकीला येता येत नाही, तिने घरी पडून काय समजायचं, की आपण आपलं आयुष्य कमी करतोय? मन हलकं होतं, दुखणं थोडं सुसह्य होतं, एवढं खरं आहे आणि तेवढं पुरेसं आहे. ते वाक्य काढावं ही माझी कळकळीची मागणी आहे.

बैठक सगळ्यांना मानवेलच असंही नाही. व्हिकी हेल्गेसन आणि सहकाऱ्यांच्या २००० सालच्या अभ्यासात, ज्यांना जोडीदाराकडून आधार कमी होता त्यांना अशा गप्पांच्या गटाचा फायदा झाला. ज्यांना घरातून भरपूर आधार होता, त्यांच्यातल्या काहींना उलट त्रास झाला. एक-दोनदा जाऊन बघा. घरी परतल्यावर दरवेळी जास्तच अस्वस्थ वाटत असेल तर जाणं थांबवा, अपराधी वाटून घेऊ नका. फोनवरची सोबतीण तरीही चालू राहते.

तरुण मुलींसाठी इथे अजून पुरेशा सोबतिणी नाहीत. बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या. आमच्या गटातल्या एका तिशीतल्या मुलीला बीजांडं जपून ठेवण्याबद्दल बोलायचं होतं, आणि तो निर्णय केमो सुरू व्हायच्या आधीच घ्यावा लागतो. तिला जोडी मिळेपर्यंत केमोची तारीख तोंडावर आली होती. तुमचं वय कमी असेल तर हे पहिल्याच फोनवर सांगा, आणि वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडेही विषय काढा. पुरुषांनाही हा आजार होतो, पण नोंदणीची सगळी भाषा बायकांना उद्देशूनच आहे, तीही बदलायला हवी. नवऱ्यांसाठी, घरच्यांसाठी काहीच सोय नाही. माझा नवरा दर बैठकीला खाली गाडीत बसून राहायचा, त्याच्याशी कुणी दोन शब्द बोललं असतं तर मला फार बरं वाटलं असतं.

जोडी जमली नाही तर बदलून मिळते, कारण विचारत नाहीत. माझ्या ओळखीच्या एकीला तिची सोबतीण फार बोलकी वाटली, तिने समन्वयकांना कळवलं आणि आठवड्याभरात दुसरी मिळाली. संकोच करू नका.

फोन कराल तेव्हा बायोप्सीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांनी लिहून दिलेला उपचारांचा क्रम समोर ठेवा. फोन करायला दिवसातली कुठली वेळ सोयीची आणि घरात कुणासमोर बोलता येणार नाही, तेही सांगा, त्याची नोंद ठेवतात. रिपोर्ट यायचा असेल तरीही आत्ताच फोन करा. निकालाची वाट बघण्याच्या त्या दिवसांतही तुमच्याशी बोलायला तिथे कुणीतरी असतं.