दिल्ली–काठमांडू विमानप्रवास : वर्षभराच्या ये-जा नंतरचा अनुभव

कामानिमित्त गेले वर्षभर दिल्ली आणि काठमांडू यांच्यामध्ये माझी नियमित ये-जा सुरू आहे. या दोन शहरांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ८१५ किलोमीटर, म्हणजे मुंबई–दिल्लीपेक्षाही बरेच कमी आहे आणि थेट विमानाला साधारण पावणेदोन तास लागतात. सोनौलीमार्गे बसने जायचे तर एक अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे कामाच्या माणसाला विमानाखेरीज पर्याय नाही.

तिकिटावरच्या वेळा मात्र नीट वाचाव्यात. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते आणि तिकिटावर दोन्हीकडची स्थानिक वेळ छापलेली असते, म्हणून जाताना दोन तास आणि येताना दीड तास लागणार असे भासते. हिवाळ्यात प्रत्यक्ष प्रकार बहुधा उलटा असतो, कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात आणि परतीच्या विमानाला त्यांच्या विरुद्ध यावे लागते.

याहून मोठी अनिश्चितता उतरण्याच्या वेळेची आहे. त्रिभुवन विमानतळ सुमारे १,३४० मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्यात आहे आणि तेथे धावपट्टी एकच आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाला महाभारत पर्वतरांग ओलांडून लगेच खाली यावे लागते, त्यामुळे उतार नेहमीपेक्षा तीव्र असतो, दृश्यमानता चांगली लागते आणि गर्दी झाली की विमानांना तराईवर घिरट्या घालत थांबवतात. केबिनमधले ऊन डाव्या खिडक्यांतून उजव्या खिडक्यांकडे सरकू लागले आणि खाली नदीचे तेच वळण पुन्हा दिसले, की आपला नंबर अजून लागलेला नाही हे समजावे. मार्च २०१५ मध्ये एक परदेशी विमान या धावपट्टीवरून घसरले, तेव्हा आंतरराष्ट्रीय वाहतूक चार दिवस बंद होती; एकाच धावपट्टीवर सगळे अवलंबून असण्याचा अर्थ तेव्हा दिसला.

हिवाळ्यात दोन्हीकडे धुके असते आणि मार्च–एप्रिलमध्ये वणव्यांचा धूर काठमांडूच्या खोऱ्यात साचतो. एका जानेवारीत आमचे विमान दिल्लीलाच कित्येक तास अडकले होते आणि विमान कंपनीने दर वेळी ‘अर्ध्या तासात’ एवढेच सांगितले. उशिरापेक्षा त्या मोघमपणाचा त्रास जास्त झाला. पोखरा किंवा लुक्ला येथे पुढे जायचे असेल, तर त्याच दिवसाचे जोडविमान घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाताना डावीकडची आणि येताना उजवीकडची खिडकी मागून घ्यावी. आकाश स्वच्छ असेल तर हिमशिखरांची रांग बराच वेळ सोबत राहते. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. १५ ते ६५ या वयातल्या प्रवाशांना आधार कार्ड चालत नाही, आणि तरीही चेक-इनच्या रांगेत ते पुढे करून वाद घालणारा एखादा गृहस्थ बहुतेक वेळा भेटतोच.