नानीचा कुरआन आणि पुण्यातली दुरुस्ती

२२ जुलै २०२१च्या पुरात चिपळुणातलं आमचं घर बुडालं आणि नानीचा कुरआन चिखलात सापडला. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, प्रत. ‘शहीद झालाय, कब्रस्तानात दफन करा,’ असं घरच्यांचं म्हणणं पडलं; खराब झालेल्या प्रतीला आम्ही शहीदच म्हणतो. रीत तीच आहे, पण माझा हात धजेना. एक दुकानदार पानं लॅमिनेट करून देतो म्हणाला, तेही पटलं नाही. शेवटी पुण्यात जुन्या पोथ्या दुरुस्त करणारे एक काका भेटले.

कामाला हात लावण्याआधी त्यांनी विचारलं, ‘ठेवायचा कुठे, हात कसे धुवायचे, तुमची रीत आधी सांगा.’ मग मऊ ब्रशने सुकलेला गाळ झाडला, फाटक्या कडांना गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावला, जुजबंदी, म्हणजे पानांच्या जुड्यांची शिवण, नव्याने केली. अकरा आठवडे लागले, साडेआठ हजार रुपये झाले. पैसे वसूल आहेत. तक्रार एकच: नवा पुठ्ठा ताठ आहे, रेहेलवर, म्हणजे कुरआन ठेवायच्या लाकडी घडीवर, प्रत पूर्ण उघडत नाही.

सूरह बकरा या अध्यायाच्या एका पानाचा कोपरा गळून गेला होता. तिथे त्यांनी कोरा कागद जोडला. अक्षरं भरून द्या म्हटलं, तर म्हणाले, ‘गेलेलं मी लिहिणार नाही. मूळ काय आणि माझं काय, ते पुढच्याला कळायला हवं.’ मला वाईट वाटलं. पण माझा भाचा हाफिज आहे, अख्खा कुरआन त्याला तोंडपाठ आहे. त्याने ते पान डोळे मिटून म्हटलं, एक शब्द अडला नाही. मग कोऱ्या कोपऱ्याचं दुःख उरलं नाही.

हे इतकं सांगतेय, कारण ते पान नानीचं होतं. १९६१ साली नानाने एका दमात तीनदा तलाक म्हटलं आणि नानी माझ्या आईला कडेवर घेऊन माहेरी आली. ती रोज अरबी वाचायची, अर्थ मात्र उतारवयात मराठी भाषांतरातून कळला. बकराची २२९वी आयत, म्हणजे वचन: तलाक दोनदा, मग नीट नांदवावं नाहीतर भलेपणाने सोडावं. ‘एका दमात तीन, असं इथं कुठं आहे?’ हे ती प्रत्येकाला विचारायची. शेजारच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई १८ एप्रिल १९६६ला अशा तलाकविरुद्ध सात बायकांचा मोर्चा घेऊन मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधिमंडळावर, गेले, तेव्हा तिला फार आनंद झाला होता. दलवाईंचा रस्ता कायद्याचा होता, नानीचा या पानातून जाणारा. मला दोन्ही हवेत. अक्षर न् अक्षर जपणाऱ्या आपल्या लोकांनी त्यात नसलेलं बायकांवर लादावं, हे मला आजही सहन होत नाही. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०१७ला एका दमातल्या तीन तलाकची रीत रद्द केली, तेव्हा नानी हयात नव्हती.

त्या पानात तिने खुणेला लाल दोरा ठेवला होता. पुरात त्याचा रंग कागदावर उतरला. काकांनी दोरा धुऊन, वाळवून त्याच पानात परत ठेवला आणि डाग काढू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.