बेंच ड्रिल, ८ महिन्यांनंतर: १६ एमएम बघून घेतली, ४८० आरपीएमने रडवलं

मशीन घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो होतो, बरं झालं लिहिलं नाही. तेव्हा सगळं गोडगोडच लिहिलं असतं, मोटर आवाज करत नाही, रंग छान आहे वगैरे. आता ८ महिने झालेत, एक पट्टा बदलून झालाय, दोन बिट तुटलेत आणि एकदा बोट थोडक्यात वाचलंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

साधी बेंच ड्रिल आहे, म्हणजे टेबलावर ठेवून उभी भोकं पाडायची मशीन. अर्धा एचपी सिंगल फेज मोटर, पुलीवर पट्टा सरकवून पाच स्पीड, सगळ्यात कमी ४८० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि सगळ्यात जास्त २८५०, स्पिंडलला, म्हणजे फिरत्या दांड्याला, एमटी-२ टेपर (दोन नंबरचा निमुळता मोर्स टेपर) आणि बिट पकडायला १६चा चावीवाला चक. माझं काम म्हणजे एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) प्लेटा, ब्रॅकेट, एम६ एम८ एम१० चे आटे, थोडं अॅल्युमिनियम आणि मधूनच एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील.

घेताना सगळे एकच विचारतात, किती एमएमची? मीही तेच विचारलं. आणि १६ एमएम खोटं नाहीये, एमएसमध्ये १६चं होल पडतं, फक्त आधी ५चा पायलट (बारीक होल) मारावा लागतो कारण बिटचं मधलं टोक, चिझल एज, ते कापत नाहीच, नुसतं धातू रेटत बसतं आणि आपण हँडलवर लोंबकळतो. पण सगळ्यात कमी स्पीड किती, हे मी विचारलंच नाही आणि तिथेच फसलो.

हिशोब सोपा आहे. एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटला एमएसमध्ये मिनिटाला साधारण २५ मीटर कटिंग स्पीड, म्हणजे धारेचा वेग, धरतात, म्हणजे ८००० भागिले बिटचा व्यास, आला तुमचा आरपीएम. ५च्या बिटला १६००, १०ला ८००, १६ला ५००. इथपर्यंत मशीन पास. पण एसएसला तोच स्पीड निम्म्यावर आणावा लागतो, १२ मीटर धरा, म्हणजे १२च्या बिटला ३२०च्या आसपास पाहिजे आणि माझी मशीन ४८०च्या खाली उतरतच नाही. पहिलाच १२चा बिट, अर्ध्या मिनिटात किंचाळायला लागला, कोपरे निळे पडले, मी घाबरून दाब कमी केला आणि ती त्याहून मोठी चूक, कारण एसएसवर बिट नुसता घासला की तो पृष्ठभाग कडक होऊन बसतो, मग नवा बिट लावला तरी वरच्यावर घसरतो. ती प्लेट शेवटी उलटी करून दुसऱ्या बाजूने होल मारलं. आता एसएसला १३५ डिग्रीचा स्प्लिट पॉइंट (मधलं टोकही कापेल असं घासलेला) कोबाल्ट बिट, ज्यात ५ टक्के कोबाल्ट असतं तो, तेल भरपूर, आणि एकदा कापायला लागला की थांबायचं नाही. ८पर्यंत बिनधास्त, १० जपून, त्यापुढे या मशीनवर मी मारत नाही.

काउंटरसिंकचंही (स्क्रूचं डोकं बसायला होलाचं तोंड रुंद करणाऱ्या बिटचंही) तेच रडगाणं. २०चा ९० डिग्रीवाला लावला की ४८०वर थरथरतो आणि कडेला लाटा उमटतात, स्क्रूचं डोकं बसतं पण दिसायला घाण. मी काय करतो, प्लग काढतो, वरचं झाकण उघडतो आणि पुली हाताने फिरवत शेवटचा कट घेतो. हसू नका, एकदम गुळगुळीत येतं. १०चा रीमर (होल नेमक्या मापाचं करणारं टूल) पण असाच, आधी ९.८चं होल, मग जॉब न हलवता रीमर चकमध्ये, तेल, आणि हाताने पुली. बाहेर काढतानासुद्धा त्याच दिशेने फिरवायचं, उलटा फिरवलात तर धार गेलीच समजा.

रनआउट, म्हणजे फिरताना किती डगमगतं ते. पहिल्या दिवशी डायल (ते मोजायचा काट्याचा गेज) लावला तर चकमध्ये धरलेल्या पिनवर ०.१२ एमएम दाखवत होता, डोकंच फिरलं, परत करणार होतो. मग चक आणि टेपर काढून बघितलं तर फॅक्टरीतलं ग्रीस तसंच आणि आर्बरच्या (चकला स्पिंडलशी जोडणाऱ्या दांड्याच्या) टेपरवर एक बारीक बर, म्हणजे उठलेली धातूची कड. ग्रीस पुसलं, बर ऑइलस्टोनने काढली, परत ठोकून बसवलं, ०.०५ आला. माझ्या कामाला बास आहे. हा मोर्स टेपर ज्याच्या नावाचा त्या स्टीफन मोर्सनेच १८६३मध्ये अमेरिकेत ट्विस्ट ड्रिलचं पेटंट घेतलं होतं, आणि दीडशेहून जास्त वर्षं झाली तरी तो टेपर नुसत्या घर्षणावरच धरतो, त्याला मागून खेचणारा बोल्ट बेंच ड्रिलमध्ये नसतो. हे मला माहीत होतं. तरी एका रविवारी एंडमिल (मिलिंगचं, बाजूनेही कापणारं कटर) लावून स्लॉट पाडायला गेलो. बाजूने जोर आला, टेपर सुटला, फिरता चक एंडमिलसकट टेबलवर. ड्रिल मशीन म्हणजे मिलिंग नाही, हे लिहून भिंतीवर लावलंय.

आता टेबलाबद्दल, कारण याचा त्रास रोजचा. खांब गोल आहे आणि टेबल वर-खाली करायला रॅक (दात्यांची पट्टी) नाही, हाताने उचलायचं. म्हणजे काय होतं बघा, सेंटर ड्रिल (होलाची जागा नेमकी खूण करणारा बिट) आखूड असतो म्हणून टेबल वर घेतलं, सेंटर मारला, आता १०चा लांब बिट लावायचा तर टेबल खाली घ्यायला पाहिजे, लिव्हर सैल केला की टेबल इकडे तिकडे फिरतं आणि सेंटर गेला. पहिले दोन महिने मी पंचच्या खुणेवर बिट टेकवून परत परत जुळवत बसायचो. नंतर सेंटर ड्रिल सोडून लांब दांड्याचा स्पॉट ड्रिल घेतला आणि टेबल अशा उंचीवर ठेवतो की दोन्ही त्याच सेटिंगमध्ये होतात. त्यात क्विल (हँडल ओढल्यावर खाली येणारा भाग) जेमतेम ६० एमएम उतरतो, त्यामुळे जाड जॉबला ही युक्तीपण चालत नाही. रॅकवालं टेबल असलं तरी गोल खांबावर हा प्रॉब्लेम पूर्ण जात नाही, पण निदान कंबर वाचते.

बोटाचं सांगतो. २ एमएमची पट्टी, १०चं होल, आळस केला आणि पट्टी नुसती हाताने धरली. बिट आरपार जाताना पट्टी फ्ल्यूटवर (बिटच्या वळणदार खाचेवर) चढली आणि पंख्यासारखी फिरली. बोटाच्या सांध्याला ओझरता फटका बसला, हाड शाबूत. पट्टा घसरत राहिला म्हणून मोटर वाचली, तोच पट्टा मग बदलावा लागला. आता व्हाइस (जॉब धरायचा शिकंजा) टेबलला दोन बोल्टने बांधलेला असतो, पातळ पत्र्याखाली लाकूड, आणि हातमोजे अजिबात नाहीत.

धारेचं एक, बिटच्या टोकाची ११८ डिग्रीची धार हाताने ग्राइंडरवर लावता येते, पण दोन्ही ओठ (कापणाऱ्या कडा) सारखे नसले की होल मोठं पडतं. एम८च्या आट्यासाठी ६.८ मारलं आणि कॅलिपरवर ७.१ आलं, टॅप (आटे पाडायचं टूल) सैल. दोन्ही बाजूने सारखा कीस वळून येतोय का तेवढं बघायचं, एका बाजूनेच येत असेल तर बिट परत ग्राइंडरवर.

मोटर चांगली, चक चांगला, रिटर्न स्प्रिंग अजून कडक आहे. डेप्थ स्टॉपचा नट सरकायचा, दुसरा नट लावून लॉक केला. कमी स्पीडसाठी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) लावावा म्हटलं तर सिंगल फेज मोटरवर तो चालत नाही, थ्री फेज मोटर घ्यावी लागेल. त्यापेक्षा मधे एक जास्तीची पुली टाकतोय, स्पीड निम्मा होईल आणि टॉर्कही वाढेल, ४८०चे २४० झाले की एसएसवर १२चा बिट परत लावून बघणार आहे. फक्त ती पुली बसवली की वरचं झाकण बंद होत नाही, त्यामुळे आधी झाकणाला जागा करतोय, आणि त्या जागेसाठी होलं पाडायला हीच मशीन.