इंटरकूलर पाइपिंग: अ‍ॅल्युमिनियम की सिलिकॉन?

जुन्या टर्बो गाडीत टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला जोडलेला मूळ रबरी होज (लवचिक नळी) तेलाने मऊ पडून फुगायला लागला की हा प्रश्न येतोच. घरीच बसवायचं ठरवलं असेल तर हॉर्सपॉवर वाढण्याचे दावे बाजूला ठेवा. नुसत्या पाइपने फार काही वाढत नाही.

खर्चात सिलिकॉन बहुतेक वेळा स्वस्त, कारण मूळ होजच्या जागी तसाच बसतो. अ‍ॅल्युमिनियमला वर जोड-होज आणि जास्तीचे क्लॅम्प लागतात.

मेहनतीत खरा फरक आहे. बंपर बहुधा दोन्हीसाठी उतरवावा लागतो, पण अ‍ॅल्युमिनियमचा पाइप कापला तर टोकाला उंचवट्याची कडा पुन्हा काढून घ्यावी लागते. ती नसेल तर बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आला की होज सटकतो. शिवाय अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिन आपल्या माउंटवर (रबरी आधारांवर) हलतं. पाइप आणि चॅसीमध्ये बोटभर जागा नसेल तर घासून घासून भोक पडतं. सिलिकॉन ही हालचाल सहज सोसतं.

टिकायला अ‍ॅल्युमिनियम सरस. साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपतं, म्हणून आतून फ्लोरोसिलिकॉनचं अस्तर असलेलाच होज घ्या. इथे पैसे वाचवू नका.

क्लॅम्प दोन्हींना टी-बोल्टचेच (बोल्ट-नटाने आवळायचे, रुंद पट्टीचे). बसवल्यावर हवा भरायच्या कंप्रेसरने बेताचा दाब देऊन, सांध्यांवर साबणाचं पाणी मारून गळती तपासा.

रोजच्या वापराची, मूळ ट्यूनवरची (इंजिनचं सेटिंग कंपनीचंच असलेली) गाडी असेल तर सिलिकॉन घ्या. मोठा फ्रंट-माउंट (गाडीच्या पुढच्या बाजूला बसवलेला) इंटरकूलर आणि वाढवलेला बूस्ट असेल तर अ‍ॅल्युमिनियम, तेही पाइपचे तुकडे जोडून द्यायला ओळखीचा चांगला वेल्डर असेल तरच.